जनावर धरणारा माणूस

जुळे सोलापुरातल्या त्या इमारतीत राहायला आल्यापासून मानसिंगराव वाघमोड्यांना सगळे डॉक्टर म्हणत. वॉचमन म्हणे, दूधवाला म्हणे, वरखालचे शेजारी तर म्हणतच. कुणाच्या कुत्र्यानं खाणं सोडलं की त्याला साखळीसकट तिसऱ्या मजल्यावर आणलं जाई. मानसिंगराव कुत्र्याच्या कानाला हात लावून ताप बघत, डोळ्याची खालची पापणी ओढून बघत आणि गंभीर चेहऱ्यानं सांगत, ‘‘एक दिवस पोटाला विश्रांती द्या.’’ कुत्रं दुसऱ्या दिवशी बरं होई. कुत्री बहुतेक वेळा आपली आपणच बरी होतात, पण नाव मानसिंगरावांचं होई.

आता खरं सांगायचं तर मानसिंगराव डॉक्टर नव्हते. वेळापूरकडच्या एका गावात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते चौतीस वर्षं व्रणोपचारक होते. सरकारनं नाव मोठं दिलं होतं, काम साधं होतं. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, सुया उकळून ठेवायच्या आणि डॉक्टर सुई टोचत असताना जनावर धरायचं. दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं कडुलिंबाचं झाड आणि झाडाखाली बैल उभा करायचा लोखंडी खोडा. फिनेलचा आणि शेणाचा मिळून एक वास तिथं कायम असे. आठ वर्षं झाली निवृत्तीला, तरी रेश्मानं, म्हणजे सुनेनं, फरशी पुसायला फिनेल काढलं की मानसिंगराव वर्तमानपत्र बाजूला ठेवत आणि थोडा वेळ नुसतेच बसून राहत.

डॉक्टर ते कसे झाले, तीही गंमतच. मोठ्या डॉक्टरांकडं दोन दवाखान्यांचा कारभार. ते मंगळवारी आणि शुक्रवारी येत. बाकीचे दिवस जनावरांनी आजारी पडू नये असा काही नियम नव्हता. एकदा पावसाळ्याच्या तोंडाला एक म्हातारी पाय मोडलेलं वासरू बैलगाडीत घालून आली आणि म्हणाली, ‘‘डॉक्टर, तेवढं बगा की.’’

तरुण मानसिंगराव म्हणाले, ‘‘आजी, मी डॉक्टर न्हाय. डॉक्टर मंगळवारी येत्यात.’’

‘‘व्हय, व्हय. पर तेवढं बगा की, डॉक्टर.’’

त्यांनी बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. वासरू महिन्यात चालू लागलं आणि म्हातारीनं गावभर केलं. पुढच्या माणसाला त्यांनी ‘मी डॉक्टर नाही’ म्हणून सांगितलं, त्याच्या पुढच्यालाही सांगितलं. मग सांगायचं सोडून दिलं. ऐकायला गोड लागत होतं, हेही खरं. मुलाच्या, दिग्विजयच्या, लग्नाची बोलणी चालली तेव्हा मध्यस्थानं मुलीकडच्यांना ‘वडील जनावरांचे डॉक्टर’ असं सांगून टाकलं. दिग्विजयनं बापाकडं पाहिलं, बापानं छताकडं पाहिलं. रेश्मा घरात आली ती डॉक्टरांची सून म्हणून. त्यालाही आता अकरा वर्षं झाली. गेल्या वर्षी नऊ वर्षांच्या अंकितानं शाळेत निबंध लिहिला, ‘माझे आजोबा जनावरांचे डॉक्टर आहेत’, आणि तो वर्गात वाचून दाखवला गेला. त्या दिवशी मात्र मानसिंगरावांना जेवण गेलं नाही. बायकोनं, सारजाबाईंनी, ताट उचलताना एवढंच म्हटलं, ‘‘अवो, नात हाय ती. तिला तरी खरं सांगा.’’

‘‘सांगू की सावकाश,’’ मानसिंगराव म्हणाले. ते सावकाश काही उजाडलं नाही.

त्याआधीच ससा आला. शेजारच्या इमारतीतल्या एका कुटुंबाची बदली पुण्याला झाली आणि तिथल्या घरमालकाला जनावर चालत नव्हतं. अंकितानं रडून, न जेवून, आणि शेवटी ‘आपल्या घरात तर डॉक्टरच आहेत’ असा मुद्दा काढून ससा मिळवला. तपकिरी रंगाची मादी, मुठीत मावतील एवढे पंजे. अंकितानं नाव ठेवलं चिक्की. मानसिंगरावांनी पहिल्याच दिवशी सवयीप्रमाणं तिचं तोंड उघडून दात बघायला घेतले, तर चिक्कीनं त्यांचं बोट चावलं.

उभ्या जन्मात त्यांनी ससा दवाखान्यात पाहिला नव्हता. माळरानात पाहिला होता, तो पळताना. पण घरात जनावर आलं आणि मानसिंगरावांचा दिवस पुन्हा भरला. पहाटे उठून ते पाण्याच्या टाकीजवळच्या गोठ्यावरून मूठभर लसूणघास आणत. गॅलरीत पोतं अंथरून चिक्कीशेजारी बसत आणि तिला दवाखान्यातल्या गोष्टी सांगत. एका खिलार बैलाला खोड्यात घालायला सात माणसं लागायची आणि मानसिंगराव आले की तो नुसता मान खाली घालायचा, ही गोष्ट चिक्कीनं चार वेळा ऐकली. सारजाबाई आतून म्हणायच्या, ‘‘तिला तरी खरं सांगताय न्हवं?’’

पंधरा दिवस बरे गेले. मग अंकिताच्या घोट्याला लाल पुरळ आलं. रेश्मानं चिक्कीच्या मानेवरचे केस फुंकरून बाजूला केले, तर आत काळे ठिपके सुळकन पळाले. पिसवा. रेश्माच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं सगळ्या चादरी काढून गरम पाण्यात टाकल्या, गाद्या उन्हात घातल्या आणि संध्याकाळी सासऱ्यांसमोर उभी राहिली.

‘‘मामा, मला प्राण्यांचा राग नाही. पण पिसवांनी घरात काय काय आजार येतात कोण जाणे. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्ही सांगाल ते करू. रविवारपर्यंत गेल्या तर ठेवू, नाहीतर मला कुणाला तरी देऊन टाकावी लागेल.’’

अंकितानं आजोबांकडं पाहिलं, अगदी निश्चिंतपणे.

इथं मानसिंगरावांनी ‘मला सशातलं कळत नाही’ एवढे चार शब्द बोलायला हवे होते. ते त्यांना बोलता आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी रेश्मा बाजारात, अंकिता शाळेत, सारजाबाई झोपलेल्या. मानसिंगरावांनी आपली जुनी पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात गोचिडाच्या औषधाची बाटली होती, गावाहून येताना बरोबर आलेली. लिटरभर पाण्याला दोन मिली, हे त्यांना झोपेतही आठवलं असतं. हजारो जनावरं त्यांनी त्या पाण्यानं पुसली होती. ससा लहान, म्हणून त्यांनी औषध अंदाजानं निम्मं घेतलं, फडकं भिजवलं आणि चिक्कीला मानेपासून शेपटीपर्यंत पुसून काढलं. पिसवा टपाटप पडल्या. त्या पडलेल्या पाहून मानसिंगरावांना फार दिवसांनी कामाचं समाधान वाटलं.

बैल पुसल्यावर उन्हात उभा राहतो आणि वाळतो. ससा बसून अंग चाटतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

सकाळी चिक्कीनं लसूणघासाला तोंड लावलं नाही. तिच्या तोंडातून लाळ गळत होती आणि मागचे पाय थरथरत होते. शाळेला सुट्टी होती, त्यामुळं अंकितानंच ते आधी पाहिलं. ‘‘आजोबा, हिला काय झालंय?’’ मानसिंगराव चिक्कीजवळ खाली बसले. काय झालंय ते त्यांना पुरतं कळलं होतं. चाटून विष पोटात गेलेली करडं त्यांनी पाहिली होती आणि त्यातली किती वाचली तेही त्यांना माहीत होतं.

‘‘रिक्षा बोलव,’’ ते रेश्माला म्हणाले.

‘‘तुम्हीच काहीतरी…’’

‘‘रिक्षा बोलव, पोरी.’’

सात रस्त्याच्या अलीकडं एका गल्लीत पाळीव प्राण्यांचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टर वैदेही तिशीच्या होत्या. त्यांनी टोपलीतल्या चिक्कीला पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘अंगाला काही लावलं होतं का? पावडर, औषध?’’

‘‘नाही हो,’’ रेश्मा म्हणाली, ‘‘आणि आमचे मामा स्वतः डॉक्टर आहेत, जनावरांचे. चौतीस वर्षं सरकारी नोकरीत होते. चुकीचं काही होणार नाही.’’

डॉक्टर वैदेहींनी आदरानं मानसिंगरावांकडं पाहिलं. ‘‘हो का, सर? मग तुम्हाला काय वाटतं?’’

तेवढ्यात सुटता आलं असतं. ‘काही खाण्यात आलं असेल’ म्हटलं असतं तर कुणी उलट विचारलं नसतं. पण टोपलीत ते टीचभर जनावर थरथरत होतं. त्याला काय झालंय हे त्या खोलीत एकट्या मानसिंगरावांना ठाऊक होतं.

‘‘मी गोचिडाचं औषध लावलं,’’ ते म्हणाले. खिशातून बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. ‘‘काल दुपारी तीनला. लिटरला एक मिली, अंदाजानं. बाटली जुनी हाय. पुसून घेतलं, पर धुतलं न्हाय. तिनं चाटलं असनार.’’ मग त्यांनी घसा साफ केला. ‘‘आनि बाई, मी डॉक्टर न्हाय. व्रणोपचारक हुतो. सशातलं मला काय बी कळत न्हाय. ही माजी चूक हाय.’’

रेश्मा त्यांच्याकडं पाहतच राहिली. अंकिताकडं बघायची मात्र त्यांची हिंमत झाली नाही.

डॉक्टर वैदेहींनी बाटलीवरचं नाव वाचलं. ‘‘बरं झालं सांगितलंत. हे कळलं नसतं तर मी पोटाचंच औषध देत बसले असते.’’ त्या भराभर कामाला लागल्या. कोमट पाणी काढलं, इंजेक्शन भरलं, मग थबकल्या. ‘‘माझी मदतनीस आज आलेली नाही. हिला कुणीतरी धरायला हवं. ससा घाबरून जोरात लाथ मारतो आणि त्यात स्वतःचाच कणा मोडून घेतो. येईल तुम्हाला?’’

‘‘ससा कदी धरला न्हाय,’’ मानसिंगराव म्हणाले, ‘‘पर धरायला येतं.’’

त्यांनी बाह्या सारल्या. एक हात चिक्कीच्या छातीखाली गेला, दुसऱ्यानं मागचे पाय पोटाशी गोळा केले आणि तिला स्वतःच्या पोटाशी टेकवलं. मग छातीखालचा हात वर सरकवून त्यांनी तळवा तिच्या डोळ्यांवर अलगद ठेवला. अडेलतट्टू म्हशीशी बोलत तसं ते हळूहळू बोलू लागले, ‘‘हां माजी बाय, हां, झालं, झालं.’’ चौतीस वर्षांत त्यांनी हे शब्द किती वेळा उच्चारले असतील याची मोजदाद नव्हती. चिक्कीचं काळीज त्यांच्या बोटांखाली धडधडत होतं. ते हळूहळू निवत गेलं आणि तिनं अंग सैल सोडलं. सुई गेली तरी ती हलली नाही. कातडीखाली सलाइन जाईपर्यंत, कोमट पाण्यानं धुवून, टॉवेलनं कोरडी होईपर्यंत ती तशीच राहिली. मानसिंगरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हात अडकल्यामुळं ते पुसता येत नव्हतं.

‘‘मी पाच वर्षं कॉलेजात शिकले,’’ डॉक्टर वैदेही म्हणाल्या, ‘‘पण असं धरलेलं पाहिलं नाही. काका, व्रणोपचारक कुठल्या दवाखान्यात होतात?’’

मानसिंगरावांनी गावाचं नाव सांगितलं. आपलं पद आणि गाव त्यांनी एका दमात असं कित्येक वर्षांत सांगितलं नव्हतं.

चिक्कीनं आजचा दिवस काढला तर वाचेल, असं डॉक्टर म्हणाल्या. पिसवांसाठी सशाला चालणारं वेगळं औषध पुढच्या आठवड्यात, आणि तोवर बारीक दातांची फणी. गुराढोरांचं औषध पुन्हा नाही. मानसिंगरावांनी प्रत्येक सूचनेला मान हलवली.

रिक्षा निघाली. टोपली मानसिंगरावांच्या मांडीवर होती. रेश्मा म्हणाली, ‘‘मामा, अकरा वर्षांपूर्वी सांगितलं असतंत तरी मी याच घरात आले असते.’’ मग तिनं त्यांच्या हातातली ओल्या टॉवेलाची पिशवी काढून आपल्याकडं घेतली.

अंकिता बाहेर बघत होती. निबंधाचं तिच्या डोक्यात असणार, हे त्यांना दिसत होतं. आसरा चौक मागं गेल्यावर तिनं विचारलं, ‘‘बैल लाथ मारत नव्हता तुम्हाला?’’

‘‘मारायचा की.’’

‘‘मग?’’

मानसिंगरावांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर सारून नडगीवरचा जुना व्रण दाखवला. अंकितानं त्यावरून बोट फिरवलं. बाकीचा रस्ताभर ती त्यांना बैल, रेडा, घोडा असं एकेक जनावर विचारत गेली. उंट धरलाय का, असंही विचारलं. उंट एकदाच धरला होता, जत्रेत आलेला, आणि तो अंगावर थुंकला होता.

घरी सारजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ‘‘बरं झालं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘माज्या बी जिवावरचं वजं उतरलं.’’ मग त्यांनी आपल्या ट्रंकेतून लाकडी फणी शोधून काढली, दिग्विजयच्या बहिणींच्या उवा काढलेली. रात्री चिक्कीनं लसूणघासाचं एक पान ओढलं, मग दुसरं. रविवार आला, तेव्हा नवराबायको गॅलरीत पोत्यावर बसले होते. ते धरत होते, त्या विंचरत होत्या. वाटीतल्या साबणाच्या पाण्यात दोनच पिसवा पडल्या. रेश्मानं वाटीत डोकावून पाहिलं आणि चिक्कीला देऊन टाकायची गोष्ट काढली नाही.

पुढच्या आठवड्यात औषध घालून परत येताना फाटकाशी भीमाशंकर वॉचमन उठून उभा राहिला. ‘‘काय डॉक्टर, ससा बरा हाय का?’’

मानसिंगराव उत्तर द्यायला थांबले. त्यांच्या आधी अंकिताच बोलली, चांगली मोठ्यानं, आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाईल अशी.

‘‘आजोबा डॉक्टर नाहीत. डॉक्टर सुई देतात. आजोबा जनावर धरतात. बैलसुद्धा.’’

भीमाशंकर गोंधळून मानसिंगरावांकडं बघू लागला.

‘‘व्हय,’’ मानसिंगराव म्हणाले आणि त्यांनी टोपली या हातातून त्या हातात घेतली. ‘‘बैल बी धरायचो.’’