गोल चाकाशी वैर

चाकाचा शोध लावून माणसाने मोठी घोडचूक केली, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. चूक चाकात नाही, त्याच्या गोलपणात आहे, असं त्यांचं बारीक म्हणणं असतं. पण ऐकणाऱ्याच्या डोक्याला होणारा त्रास दोन्हींत सारखाच. लोकांचे साडू मानपानावरून रुसतात, फार तर राजकारणावरून भांडतात. आमचे साडू लग्नाच्या रिसेप्शनमध्ये आइस्क्रीमच्या गाडीखाली वाकून बसलेले सापडतात. सासरच्या कुठल्याही कार्यात ‘अहो, ते कुठे गेले?’ असं मेव्हणीने विचारलं, की मी माणसं शोधत नाही, चाक असलेली वस्तू शोधतो. ती सापडली की साडू सापडतात. "मले सांगा साडूभाऊ," खालूनच ते विचारतात, "माणसानं सारं बदलवलं. घर बदलवलं, कपडे बदलवले, कोणी कोणी तं बायको बी बदलवते. मंग चाकच काहून नाही बदलवलं?" मी वीजबिलांच्या तक्रारी ऐकण्यात नोकरी घालवलेला माणूस. ज्यांना उत्तर नाही अशा प्रश्नांपुढे मान कशी हलवायची ते मला चांगलं येतं.

ते शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला शिकवतात आणि तिथल्या रोबो बनवणाऱ्या मुलांची खोली सांभाळतात. खोलीत केलेले प्रयोग खोलीतच राहिले असते तर आमची काही तक्रार नव्हती. पण नवं चाक सुचलं, की ते आधी घरी बसवून पाहायचं, असा त्यांचा शिरस्ता. एकदा त्यांनी फ्रीजच्या स्टँडला कुठल्याही दिशेला सरकणारी चाकं लावली. तेव्हापासून तो फ्रीज घरातल्या माणसासारखा वागू लागला. दार जरा जोरात लावलं की रुसल्यासारखा हॉलकडे निघायचा. "आमचं फ्रीज आपल्या मनानं फिरते," मेव्हणी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तिचा आवाज तक्रारीचा असायचा, पण दोन विटा लावून तो फ्रीज अडवावा असं काही तिने कधी केलं नाही.

आमच्या धाकटीच्या तान्ह्या पोळ्याला तर त्यांनी कहर केला. नागपुरात मोठ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांच्या लाकडी बैलांचा पोळा भरतो. चाकावरचे नंदी सजवून पोरं रांगेत उभी राहतात आणि पाहुणे बक्षिसं देतात. साडूंनी आमच्या नंदीची चाकं काढून नवी लावली. प्रत्येक चाकाच्या कडेला लहान लहान तिरपी रोलरं होती, त्यामुळे नंदी पुढे जायचा तसाच आडवाही जायचा. आमच्या लेआउटमधला, म्हणजे वसाहतीतला, रस्ता एका बाजूला उतरता. आरती सुरू झाली, पोरीने टाळ्या वाजवण्यासाठी दोरी सोडली आणि आमचा नंदी तोंड सरळच ठेवून आडवा निघाला. शेजारचा पडला, त्याच्या धक्क्याने पुढचा, आणि बघता बघता अर्धी रांग आडवी झाली. पोरं रडायला लागली, आया भांडायला उठल्या. साडू मात्र माझा दंड धरून हरखून म्हणाले, "पाह्यलं? त्याले वळावंच नाही लागलं." त्या दिवसानंतर शेजारच्या बाईंनी आमच्याकडे वर्षभर विरजण मागितलं नाही.

खरं दुखणं होतं ते स्पर्धेचं. दरवर्षी कॉलेजांच्या रोबोंची स्पर्धा भरते. लाकडी चौथऱ्यावर एका टोकाचे डबे उचलून दुसऱ्या टोकाला न्यायचे. मध्ये एक पायरी असते. ती चढता येत नसेल त्याने बाजूच्या उतारावरून लांबचा वळसा घ्यावा. बाकीची सगळी कॉलेजं मुकाट्याने वळसा घेतात. साडूंना ते पाहवत नसे. "पायरी ठेवली हाय तं चढावं लागते. वळसा कोणी बी घेते," असं म्हणत त्यांनी मुलांकडून एका साली पायांवर चालणारा रोबो करवला, तो शिट्टी होताच जो खाली बसला तो उठलाच नाही. एका साली एकाच चेंडूवर तोललेला केला. तो पायरीपाशी जाऊन स्वतःभोवती फुगडी घालत राहिला. एका साली चाकं पायरी पाहून छत्रीसारखी उघडणार होती. उघडली, पण मिटेनात. प्रत्येक वेळी रोबो पायरीच्या पायथ्याशी पडला आणि प्रत्येक वेळी साडू तो पोत्यात घालून, घरातलं माणूस गेल्यासारखे, मान खाली घालून परत आले. मुलं मात्र त्यांना सोडून का गेली नाहीत, हे मला फार दिवस कळत नव्हतं.

यंदा कॉलेजने सांगितलं, खोली नव्या कॉम्प्युटर लॅबसाठी हवी आहे. मुलं पहिल्या फेरीतून पुढे गेली तर खोली राहील, नाहीतर कुलूप. साडूंच्या आयुष्यात त्या खोलीखेरीज फारसं काही उरलेलं नव्हतं. मुलांची पुढारी होती कामठीची एक मुलगी. तिच्या घरी खालच्या खोलीत यंत्रमाग, दिवसभर खडखडाट. शांत बसून काही करावं अशी तिला हीच एक जागा. साडूंनी हट्ट धरला तर खोली जाणार, हे मला दिसत होतं, सगळ्यांना दिसत होतं. साडूंनी हट्ट धरला. प्रत्येक चाकाच्या जागी तीन छोटी चाकं, एका त्रिकोणाच्या टोकांना. पायरी लागली की त्रिकोणच उलटतो आणि मागचं चाक वर जातं. तर्री-पोह्याच्या टपरीवर त्यांनी मला ते इतक्या वेळा समजावलं, की माझे पोहे गार झाले.

स्पर्धेला ते मला घेऊन गेले. शिक्षकांना खाली जायची मनाई, म्हणून आम्ही गॅलरीत बसलो. मुलांनी रोबो आणला तो जुन्या चादरीत झाकून. "नजर नाही लागली पाहिजे म्हणून," साडू कौतुकाने म्हणाले. चादर निघाली, शिट्टी झाली, रोबो निघाला. "आता पाहा. पायरीपाशी थांबन, मंग उलटन." त्यांनी हवेत बोट धरून ठेवलं. रोबो थांबला नाही. पायरीच्या अलीकडेच तो वळला, उतारावरून सरळ गेला, डबे ठेवले, परत आला. त्याला चार काळी, रबरी, अगदी गोल चाकं होती. साडूंचं बोट तसंच हवेत होतं. मी ते धरून खाली आणलं.

पहिली फेरी जिंकली. खाली मुलं नाचत होती. कामठीची मुलगी तेवढी वर आमच्याकडे पाहत उभी होती. मग ती जिना चढून आली आणि साडूंच्या पायाशी वाकली. "सर, आमी चाकं बदलवली. तुमाले इचारलं नाही."

"इचारलं असतं तं मी काही नाही म्हटलं असतं का?"

"नाही ना सर. तुमी हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "ते आमाले पाहावलं नसतं."

साडूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "रबर चांगलं हाय. कुठून आणलं?"

खोली राहिली. साडूंनी तिचा कारभार एका तरुण प्राध्यापकाकडे दिला. गुडघे दुखतात असं कारण सांगितलं. मुलं घरी येतात, बोलावतात, ते ‘येतो’ म्हणतात आणि जात नाहीत. रविवारी आमच्याकडे येतात, चारचौघांसारखे खुर्चीवर बसतात. ऊन किती वाढलं ते सांगतात, गुडघ्यांना कुठलं तेल बरं ते विचारतात. इतकी वर्षं ज्याच्या बोलण्याला मी कंटाळलो, तो माणूस समोर बसलेला असताना मला त्याची आठवण येते.

परवा राहवलं नाही. चहा घेताना मीच विषय काढला. म्हटलं, "अहो, ती तीन-तीन चाकं राहू दिली असती, तर चढला असता का हो तो?"

ते प्रामाणिक माणूस. त्यांनी कप खाली ठेवला, डोळे मिटले, मनातल्या मनात रोबो पायरीपर्यंत नेला. त्यांच्या हाताची बोटं किंचित उलटली.

"नाही साडूभाऊ. पडलाच असता," ते म्हणाले. "पण यंदा पायरीच्या वर जाऊन पडला असता."

मग ते पुन्हा उन्हाविषयी बोलू लागले आणि मला फार वाईट वाटलं.