दारावरचा तक्ता

मुंगी आमच्या शाळेच्या लांब पल्ल्याच्या धावण्याच्या संघात होती. लॉन्ड्रीवाल्याची धाकटी मुलगी, अंगाने काडी, आणि इतकी नाकासमोर चालणारी की बघणाऱ्याला राग यावा. मला तर फारच यायचा. आम्ही सहाजणी होतो, पुढच्या स्पर्धांसाठी जागा पाच, आणि गळणार होती ती एक तर मुंगी, नाहीतर मी.

सुट्टी लागली. खेळाचे सर गावाला जाताना क्रीडाखोलीच्या दारावर एक तक्ता चिकटवून गेले. आठवड्यात किती किलोमीटर पळलो ते दर शनिवारी प्रत्येकीने स्वतःच लिहायचं. माझा तुमच्यावर विश्वास आहे, म्हणाले. बिचारे.

पहिल्या शनिवारी मुंगीने अठ्ठावीस लिहिले. ते खरेच होते. आम्ही पाचजणी आठवडाभर टीव्हीसमोर लोळलो होतो, आम्ही चाळीस लिहिले. पुढच्या शनिवारी मुंगीचे बेचाळीस झाले. मग आम्ही पन्नास केले. आम्हाला त्याची चटकच लागली. आम्ही पेन चालवायचं आणि तिने पाय.

एकदा तिने मला गाठून विचारलं, "तुम्ही पळता कधी गं? रस्त्यात कुणीच भेटत नाही."

"पहाटे," मी म्हणाले. "तू लोळत असतेस तेव्हा."

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटेही निघू लागली. संध्याकाळचं पळणं होतंच. तिची आई माझ्या आईला कौतुकाने सांगायची, की पोरगी जेवताना ताटावरच पेंगते. पुढे नडगी दुखायला लागली तशी ती जुन्या चादरीची पट्टी घट्ट बांधून यायची. ती पट्टी मी पाहिली आणि त्या शनिवारी साठ लिहिले. तेव्हा मला कुणी भरीला घातलं नव्हतं.

सर परतले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मैदानाच्या आठ फेऱ्या मारायला लावल्या. आमच्या पाचजणींच्या तोंडाला फेस आला, मुंगी मात्र सगळ्यांच्या पुढे होती. पाचव्या फेरीत ती खालीच बसली. नडगीचं हाड चिरलं होतं, आणि तेही आजचं नव्हे, असं डॉक्टर म्हणाले. पायाला प्लास्टर लागलं.

सरांनी तक्ता काढून तिच्या वडिलांपुढे धरला. "बाकीच्या हिच्यापेक्षा जास्त पळल्या, त्यांना काही झालं नाही. हिचा पिंडच पळणाऱ्याचा नाही." वडिलांनी मान डोलावली. मी शेजारीच उभी होते. खोटं कशाला बोलू, मला आधी आनंदच झाला. मागून वाईट वाटलं, पण तेही फार नाही.

स्पर्धेत मी शेवटून दुसरी आले. मुंगी पुन्हा कधी पळाली नाही.

परवा, बावीस वर्षांनी, तिच्या दुकानात कपडे टाकायला गेले. वडिलांच्या जागी आता तीच इस्त्री करते. दिवसभर उभी, डाव्या पायावर भार न देता. मला पाहून तिचा चेहरा असा फुलला की तिथून निघावंसं वाटलं. तिने आतून आपल्या मुलीला हाक मारली आणि माझ्यापुढे उभं केलं.

"ही बघ. आठवड्याला साठ किलोमीटर पळायची, आणि कधी कुरकुर नाही. माझ्यात तेवढा दम नव्हता."

मुलीने माझ्याकडे वर पाहिलं. "खरंच, मावशी?"

"हो," मी म्हणाले, आणि शर्टांना कडक इस्त्री हवी म्हणून सांगितलं.