बंदूक जमा करायला निघालेला

निवडणूक लागली की आमच्या पेडण्यात शेतकऱ्यांना परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. दांडे आणि कोयते मात्र कोणी मागत नाही.

त्या सकाळी बसमध्ये माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेली बंदूक होती. नळीचं टोक दिसलं तसा मी अंग चोरून बसलो. त्याने ते टोक हळूच चादरीत खोचलं. त्याचा डावा हात कोपरात वाकत नव्हता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काजूच्या बागेत डुकरं फार येतात का?"

"डुकरांचा काय नाय. वर बार काढलंय की पळतत."

मग त्या ताठ हाताकडे बघत तो सांगू लागला. देवळातल्या पालखीच्या मानावरून गावात दोन तट पडले होते. दुसऱ्या तटाची माणसं दांडे घेऊन त्याच्या अंगणात शिरली, तेव्हाही त्याने असाच हवेत बार काढला होता.

"तेंच्यातलो एकपण मागे सरलो नाय. डुकराक मी कोण तां म्हायत नाय. हे माका बारीक असल्यापासून वळखतत. मी माणसार गोळी घालूचंय नाय, ह्या तेंका पक्क्या ठावक होता."

ठाण्यापाशी तो उतरला. चादर त्याने तान्ह्या मुलासारखी छातीशी धरली होती.

त्याच्या बंदुकीला घाबरलो ते आम्ही तिघंच: रानडुकरं, सरकार आणि मी. आमच्यापैकी कोणीच त्याला ओळखत नव्हतं.