वीस किलोंची श्रीलंका

प्रवासाहून आलेले लोक फोटो दाखवतात. आमच्या ग्रुपकडे फोटो चारच, पण किस्से पोतंभर! आणि तेही बहुतेक निघायच्या आधीचे, बॅगा भरतानाचे.

श्रीगोंद्याकडच्या आम्ही दहा-बारा जणांनी मे महिन्यात श्रीलंकेची ट्रिप ठरवली. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं क्लार्क होतो, त्यामुळे बॅगा तोलायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. माणशी वीस किलो, वर काही नाही. उसाच्या काट्यावरचा माणूस म्हटलं की आमच्याकडे लोक आधी गालात हसतात. वजन चोरणारा, ही पदवी मला रिटायर झाल्यावरही चिकटून होती. म्हटलं, विमानतळाचा काटा माझ्याइतकाच आकडा दाखवू दे, एकदाचा डाग धुऊन निघेल!

*

ट्रॅव्हलवाल्या बाईंनी व्हॉट्सॲपवर यादी पाठवली. किनाऱ्यावर घाम, डोंगरात थंडी, मधेच पाऊस. म्हणून सुती कपडे, स्वेटर, रेनकोट, सगळंच घ्या.

आमच्यातले मोठे ऊसवाले म्हणजे बापू. त्यांनी यादी दोनदा वाचली आणि बाईंना फोन लावला.

"ताई, देश केवढा? आपल्या महाराष्ट्राच्या पाव बी न्हाई. मग त्याला येक हवा धरून ऱ्हाता येत न्हाई व्हय?"

"काका, तिथलं हवामान तसंच आहे."

"मग आमी उन्हाळ्यातच ऱ्हातो. थंडीचा दिवस तेवढा कॅन्सल करा!"

*

वाबळे गुरुजींना थंडीची भारी भीती. त्यांनी भिंगारच्या बाजारातून जुना मिलिटरी कोट आणला. "बर्फातला आहे, बर्फातला!" असं म्हणत भर उन्हात आम्हाला घालून दाखवला. काट्याला लावला तर साडेपाच किलो. बॅगेत कोंबला तर बॅगच संपली.

गुरुजींची बायको शांतपणे म्हणाली, "न्या की. पन कोटाच्या आत काय घालनार, तेवढं वर्गात शिकवल्यावानी सांगा."

शेवटी कोट अंगावर घालून जायचं ठरलं. अंगावरचं वजन धरत नाहीत ना!

*

बापूंच्या मंडळी हिराकाकू. त्यांच्या बॅगेत कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लसूण, मिरच्या आणि तळाशी दगडी खल. बॅग भरली तेवीस किलो.

मी म्हणालो, "काकू, खल काढा."

"आन ठेचा काय इमानाच्या चाकाखाली घालू?"

त्यांनी स्वेटर काढला, रेनकोट काढला, दोन साड्या काढल्या. खल जागचा हलला नाही. मी पुन्हा तोललं आणि थोडं जास्तच आहे म्हणालो, तर काकू उसळल्या.

"तुमच्या काट्याचं काय खरं सांगता! आमच्या उसाशी कवा खरं बोलला त्यो?"

सगळं अंगण हसलं. मला काही हसू आलं नाही. आणखी एक साडी निघाली तेव्हा कुठे बरोबर वीस झालं.

*

सगळ्यांवर कडी केली नानासाहेबांनी. हे आमच्या कारखान्याचे माजी संचालक. श्रीलंकेच्या तिन्ही हवामानांवर त्यांचा एकच इलाज, स्टार्च केलेला पांढरा शर्ट आणि पायजमा. चौदा जोड!

"दिवसाला दोन लागत्यात. पब्लिकमधी जायचं असतं."

तिथलं पब्लिक यांना मत देणार होतं की काय, कोण जाणे. बॅग चोवीस किलो भरली. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, वीस सांग. नेहमीसारखं."

मी मोठ्यानं चोवीस सांगितलं. तीस वर्षांत त्यांच्यासमोर माझा आवाज पहिल्यांदाच निघाला.

नाना नुसते हसले. "विमानतळावर आपली वळख हाय," म्हणाले आणि चेन ओढली.

*

मुंबईचं विमानतळ. कोटातले गुरुजी घामानं निथळत उभे. प्रत्येक बॅगेवर मी माझ्या वजनाची चिठ्ठी चिकटवलेली. काउंटरवर पहिली हिराकाकूंची बॅग चढली. वीस! मग गुरुजींची, मग बाकीच्यांची. चिठ्ठीवर जो आकडा, तोच काट्यावर. माझा ऊर भरून आला, खरंच सांगतो.

शेवटी नानांची. चोवीस! ओळख काही निघाली नाही. नाना फरशीवर उकिडवे बसून पांढरे शर्ट बाहेर काढू लागले.

मला राहवेना. "बघितलंत ना बापू? एकाही बॅगेत फरक नाही! आता तरी म्हणा, भाऊसाहेब वजन खरं करतो."

बापूंनी चिठ्ठी वाचली. काट्यावरचा आकडा बघितला. मग खाली बसलेल्या नानांकडे बघितलं.

"व्हय की. बराबर तोलता येतं तुमाला," ते म्हणाले. "मंग आमच्या उसाला काय झालं हुतं?"