चोरवाडीची नवी पाटी

परवा गेटला ऑइलपेंट मारत होते, त्या वासासरशी आमच्या वाडीची नवी पाटी आठवली. रोह्याच्या अलीकडे, भातशेतांच्या कडेला आमची चोरवाडी. हे नाव कुणी ठेवलं, कुणालाच ठाऊक नाही. पेणचं एक स्थळ ताईला बघून गेलं, मुलगी पसंतही पडली. पण ‘चोरवाडीची सून केली म्हणून चार लोकांत काय सांगायचं?’ असं म्हणत त्यांनी नकार कळवला. तेव्हापासून आई प्रत्येक ग्रामसभेत उठून नाव बदला म्हणायची आणि मागे बसलेले पुरुष हसायचे. काही वर्षांनी नाव बदललं एकदाचं. फाट्यावर ‘आनंदवाडी’ अशी पाटी लागली. त्याच आठवड्यात आई आणि मी रोह्याहून एसटीने परतत होतो. ‘दोन आनंदवाडी,’ आई ठसक्यात म्हणाली. कंडक्टर म्हणाला, ‘असा थांबाच नाय, आई.’ मागून शेजारच्या गावचा एक जण ओरडला, ‘अरे, चोरवाडी ती! चोरांनी आता नाव पन बदललंय!’ सगळी गाडी हसली. मी उठायला गेलो, तर आईने माझा हात दाबून धरला. कंडक्टर तिकिटाचं यंत्र धरून तसाच उभा होता. शेवटी खिडकीबाहेर बघत ती हळूच म्हणाली, ‘दोन चोरवाडी दे.’ त्यानंतर ती ग्रामसभेला कधीच गेली नाही. ताईचं लग्नही जमलं नाही. आता मी पनवेलला राहतो. कुणी गाव विचारलं, की ‘रोह्याकडे’ म्हणतो, आणि ‘रोह्याकडे कुठे?’ असं विचारायच्या आत दुसरं काहीतरी बोलायला लागतो.