फळीवरचा मोकळा खिळा

खाण बंद पडली आणि गावाला बरे दिवस आले, असं आता म्हणायची पद्धत आहे. मालाची रुळगाडी पर्यटकांना डोंगरावरून फिरवून आणते, दिवे ठेवायच्या खोलीत कॉफी मिळते आणि मावशी लोकांना जुना बोगदा दाखवते. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की भलेभले गप्प बसतात. नियम एकच. आत जाताना बोगद्याच्या दाराशी टांगलेल्या फळीच्या खिळ्यावरचा एक पितळी बिल्ला घ्यायचा आणि बाहेर आल्यावर ज्याचा त्याने परत लावायचा. कुणी हौसेने बायकोचाही लावला की मावशीच्या अंगाचा तिळपापड होतो. लोक हसतात. म्हातारी विक्षिप्त आहे म्हणतात.

हसणाऱ्यांना कोण सांगणार? खाण चालू होती तेव्हाही हीच फळी होती. खिळा मोकळा दिसला की समजायचं, माणूस अजून खाली आहे. एका संध्याकाळी मावशीच्या नवऱ्याने वर येता येता आपला बिल्ला धाकट्या भावाच्या हातात दिला आणि विसरलेला डबा आणायला मागे वळला. धाकट्याने दोन्ही बिल्ले लावले. दादा काय, येईलच मागून! तेवढ्यात आत छत कोसळलं. फळी तर भरलेली, म्हणून सगळे निर्धास्त घरी गेले. सकाळी मावशी नवऱ्याला शोधत फाटकाशी आली, तेव्हा कुठे उकरायला सुरुवात झाली. रात्रभर तो जिवंत होता, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते सांगायला नको होतं.

त्यानंतर दीर कधी खाली उतरला नाही. पुढे तिकीट खिडकीत बसू लागला. मावशी त्याच्याशी कामापुरतं बोलायची. तिने त्याला दोष दिला नाही आणि माफही केलं नाही.

परवा त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. शेवटच्या गटामागून तो गुपचूप बोगद्यात शिरला. सगळे बाहेर आले, तरी एक खिळा मोकळाच राहिला. मावशीने खिडकीकडे पाहिलं. खिडकी रिकामी. दुखरे गुडघे विसरून ती आत धावली.

छत कोसळलं होतं तिथे बोगदा बुजवायला घातलेल्या भिंतीशी तो बसला होता.

"दादा म्हणाला, तू हो पुढे. आणि मी झालो हो, वहिनी!"

"माहीत आहे मला."

"तुम्ही कधी एका शब्दानेही..."

"काय बोलणार होते? तोंड उघडलं असतं तर शिव्याच निघाल्या असत्या, भाऊजी. उठा आता. थंडी बाधेल."

बाहेर फळीसमोर त्याने दोनदा बिल्ला खिळ्यापर्यंत नेला आणि दोनदा मागे घेतला. शेवटी त्याने तो तिच्यापुढे धरला.

"तुम्हीच लावा, वहिनी."

मावशीने हात मागे घेतले. तिचे डोळे भरून आले होते.

"नाही. तुमचा तुम्हीच लावा," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर आलात, एवढं मला बघू द्या."