कचऱ्याची तीन दरपत्रके

आमच्या कॉलनीतला कचरा कोणी न्यावा, या एका प्रश्नावर जितक्या बैठका झाल्या, तितक्या माझ्या सबंध नोकरीत झाल्या नाहीत. कॉलनी साताऱ्याच्या कडेला, पालिकेच्या हद्दीबाहेर आहे. घंटागाडी शेवटच्या चौकातून मागे वळते. तिचे गाणे आम्हाला ऐकू येते, एवढाच आमचा तिच्याशी संबंध.

चार वर्षे एक बाई हातगाडा घेऊन येत असे. ती आटपाडीकडची, घरची मेंढरे विकून नवऱ्याबरोबर इकडे आलेली. घरामागे महिना ऐंशी रुपये घेई. दिवाळीनंतर तिने शंभर मागितले आणि बैठका सुरू झाल्या.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाला आपापला पाहुणा आठवला. एकाच्या मेढ्यातल्या पाहुण्याचा कचरा फुकट जात होता. त्या पाहुण्याच्या घरामागे परडे आणि उकिरडा आहे, हे सांगायचे राहिले. एकाचा मेहुणा महाबळेश्वरात हॉटेल चालवतो. त्याला पोत्यावर दर पडतो. माझी मुलगी सांगलीत असते. त्यांच्याकडे हे शुल्क घरपट्टीत धरलेले असते, असे मी सांगितले. आमचे सचिव बँकेतून निवृत्त झालेले आहेत. ते म्हणाले, “म्हणजे सांगलीत मोफत. लिहून घ्या.” घरपट्टीत धरले म्हणजे मोफत नव्हे, हे त्यांना पटवण्यात पाऊण तास गेला. पटले नाहीच.

शेवटी मी हे काम माझ्याकडे मागून घेतले. सैन्यात मी रसदीच्या कामावर होतो. तीन दरपत्रके समोर असल्याशिवाय मी मीठही खरेदी केलेले नाही.

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. माझी पत्नी पक्षाघाताने तीन वर्षे अंथरुणावर आहे. तिचे सर्व सून करते. बोलता येऊ लागल्यावर तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. आपले काय काय करावे लागते, हे बाहेर कोणाला कळू नये. मी शब्द दिला होता. तिचे डायपर वर्तमानपत्रात बांधून, वर लाल खूण करून सून रोज त्या बाईच्या हाती देत असे. मला हे ठाऊक नव्हते. मी विचारले नव्हते.

शहरातल्या एका कंपनीने दीडशे सांगितले आणि शंभर घरांखाली येणार नाही असे कळवले. आमची घरे बेचाळीस. एका टेंपोवाल्याने साठ सांगितले. उरली बाई. तिला मी म्हणालो, “दर लेखी दे.”

“आवं मेजर, लिवता आलं असतं तर गाडा ढकलला असता व्हय?”

मी सुभेदार होतो. परंतु या भागात सैन्यातून आलेला प्रत्येक जण मेजर असतो. दुरुस्त करणे मी सोडून दिले आहे.

“मग तोंडी सांग. काय काय नेतेस?”

“समदं.”

“समदं म्हणजे काय?”

“तुमी टाकताय त्ये समदं.”

मी तिच्या रकान्यात ‘सर्व प्रकारचा’ असे लिहिले. टेंपोवाल्याच्या रकान्यात ‘ओला व सुका’ असे लिहिले. दोन्ही एकच, असे मी समजलो. तक्ता सर्वांना आवडला. साठ रुपयांवर एकमताने ठराव झाला आणि बाईला मीच तसे कळवले. ती “बरं” म्हणाली आणि गाडा वळवून गेली.

आठवडाभर टेंपो वेळेवर आला आणि न पाहता सगळे घेऊन गेला. मग एके सकाळी गाडीवरच्या माणसाने सुनेच्या हातचे पुडके घेतले, दाबून पाहिले आणि आमच्या फाटकाच्या खांबावर ठेवले.

“ह्ये आमी न्हेत न्हाई.”

“का?” मी विचारले.

“ह्ये ओल्यात बी बसत न्हाई आन सुक्यात बी. कागदात न्हाई, काका.”

मी मालकाला फोन केला. “साठात एवढंच बसतं, साहेब. कागद तुमीच केलाय,” तो म्हणाला. कागद मीच केला होता. तोपर्यंत समोरचे दोन शेजारी आपापल्या फाटकाशी येऊन खांबावरच्या पुडक्याकडे पाहत उभे होते. मी ते उचलून आत नेले.

पुडकी मागच्या मोरीत साठू लागली. सुनेने फिनेल ओतले. तरी चौथ्या दिवशी वास आतल्या खोलीत गेला. सून म्हणाली, “अण्णा, आई पाणी पीत नाहीत. दोन दिवस झाले. डायपर कमी लागावा म्हणून.”

मी चपला घातल्या आणि बाईच्या वस्तीवर गेलो. ती दारात भांडी घासत होती. शेजारीण म्हणाली, “साठात जमंना वाटतं मेजरास्नी.”

बाईला म्हणालो, “तुझे शंभर देतो. उद्यापासून ये.”

“तुमच्या एकट्याचं न्हेते की. गाडा तिकडनंच जातुया.”

“एकट्याचे नको. सगळ्या कॉलनीचे.”

तिने तांब्या उपडा ठेवला. “एकट्याच्याच दारात गाडा थांबला तर लोक इचारत्याल, आसंच ना? मी कुणाला बोलले न्हाई, मेजर. सूनबाईनं घातलं हुतं कानावर, मालकिणीस्नी आवडत न्हाई म्हून.”

“मग येतेस ना?”

“येती. पर एकशेईस. आन बैठकीत का म्हून त्ये तुमी सांगायचं. न्हाईतर लोक म्हणत्याल, बाईनं अडवून पैकं वाढिवलं. ही नाचक्की मला नगं.”

शंभरावर येईना. कारण सांगण्याच्या अटीवरूनही हटेना. मला तिचा राग आला. त्याहून अधिक राग मला माझ्या तक्त्याचा आला.

रविवारी बैठक झाली. साठ सोडून एकशेवीसवर जाण्याचा ठराव मांडणारा मीच, हे ऐकून सचिवांनी चष्मा काढला. “मेजर, दुप्पट? तुमच्याच तक्त्यात ती महाग ठरली होती.”

“तक्ता चुकला,” मी म्हणालो.

“बेरीज मी तपासली होती. बरोबर होती.”

“बेरीज चुकली नाही. माल चुकला.”

“म्हणजे काय? सभासदांना कारण कळायला हवे.”

सर्व माझ्याकडे पाहत होते. मी सांगितले. माझी पत्नी अंथरुणावर आहे, तिला डायपर लागतात, ते ही बाई नेत होती आणि टेंपो नेत नाही. यापेक्षा एक शब्दही जास्त सांगितला नाही. सचिव चष्मा पुसत राहिले.

मग मागच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, “आमच्याकडे वडील आहेत. टेंपोवाल्याने नाकारल्यापासून मी रोज स्कूटरवरून हायवेला नेऊन टाकतोय.” त्यांना तसे करण्याची लाज वाटत होती, हे दिसत होते. एक बाई म्हणाल्या, त्यांचा मोठा मुलगा जन्मापासून अंथरुणावर आहे. बेचाळिसातली पाच घरे निघाली. इतके दिवस ती बाई पाचही घरांचे नेत होती आणि एकाचे दुसऱ्याला कळले नव्हते. सचिवांनी दर एकशेदहा करता येईल का, असे विचारले. हात एकशेवीसलाच वर झाले. ठराव झाला.

घरी येऊन पत्नीच्या खाटेजवळ बसलो. शब्द मोडला, असे तिला सांगितले. कोणासमोर, काय, तेही सांगितले. तिचे बोलणे सावकाश येते. वाट पाहावी लागते.

“किती ठरले?” तिने विचारले.

“एकशेवीस.”

“शंभरला येत होती,” ती म्हणाली, आणि पाणी मागितले.